फोटोत दिसलेला संयम

“त्यांच्या पोटाचा फोटो काढला बेळगावात, तर आत संयम दिसला म्हणं.”

माझ्या पुढच्या बाकावरची बाई हे बोलली. निपाणी स्टँडवरून आमच्या गावाकडे जाणारं वडाप भरायची वाट बघत थांबलं होतं. दहा माणसांच्या जीपमध्ये चौदा झाल्याशिवाय ड्रायव्हर किल्ली फिरवत नाही, आणि बारावी मी होते. मागच्या आडव्या बाकावर, तोंडाला स्टोल गुंडाळून, मांडीवर दुधाच्या चार पिशव्या घेऊन बसले होते. स्टोल धुळीसाठी असतो असं मी सांगते. खरं म्हणजे गावातल्या कोणी ओळखून “कवा आलीस?” म्हणू नये म्हणून असतो. त्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, पण त्याच्यानंतर आणखी सात प्रश्न येतात.

शेजारच्या बाईनं विचारलं, “दिसतंय व्हय असं फोटोत?”

“आताच्या मशिनी लई भारी झाल्यात. लेकीनंच वाचून सांगितलं की. इंग्रजी शिकलीया ती.”

“मग आता?”

“आता काय, घेणार संयम. चिकोडीची आक्का आलीया न्हवं का शाल घिऊन.”

मला हसू आलं. स्टोलच्या आत मनसोक्त हसता येतं, तो त्याचा दुसरा फायदा. कोण हा बिचारा माणूस, ज्याच्या पोटात संयम सापडला, असा विचार करत मी दूध सावरत होते. मग चिकोडीची आक्का हे शब्द कानातून डोक्यात पोचले. त्यांच्या मागोमाग शाल पोचली आणि शेवटी इंग्रजी शिकलेली लेक.

ती लेक मी होते. पोट आमच्या आप्पांचं होतं. आणि संयम हा शब्द मी स्वतः, दोन दिवसांपूर्वी, दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसून टाईप केला होता.

इतर मराठी माणसांच्या घरी संयम म्हणजे रांगेत धक्काबुक्की न करणं. आमच्या जैनांच्या घरी संयम ठेवतात तसा संयम घेतातही, आणि घेणं म्हणजे घरदार सोडून, व्रतं घेऊन त्यागी होणं. गावातून कोणी संयम घेतला की मिरवणूक निघते, पाहुणे येतात, घरातल्या बायका डोळे पुसत वाढतात. हे मला माहीत होतं. पण मोबाईलमधल्या डिक्शनरीत बघताना माणसाला जे माहीत असतं ते आठवत नाही.

चौदावा माणूस आला आणि वडाप सुटलं. मी ग्रुप उघडला. तीनशे बारा मेसेज होते. शेवटचे वीस-पंचवीस नुसते हात जोडलेले.

आता हे इथवर कसं आलं ते सांगायला हवं.

आप्पा म्हणजे माझे वडील. वय चौसष्ट. तंबाखू सोडून ऊस आणि सोयाबीन लावायला लागले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तोंडानं कमी बोलणारे; आमच्या घरात न बोलण्याचा वारसा मुलीकडे आला तो तिकडून. त्यांचा दिवस सुरू होतो बस्तीत. आमच्याकडे जैन मंदिराला बस्ती म्हणतात. पहाटे अंघोळ करून, धुवट धोतर-उपरणं नेसून आप्पा मूर्तीवर अभिषेक करतात. रोज चाळीस मिनिटं, सणावाराला दीड तास. सोवळ्यात उभं राहायचं, कपड्याला कशाचा डाग नाही, शिवाशिव नाही. मी लहान असल्यापासून त्यांनी तो चुकवलेला मला आठवत नाही. ताप असला तरी जायचे. आई म्हणायची, लग्नाला हा माणूस वेळेवर आला नव्हता, पण बस्तीत उशीर नाही.

मग यंदा रक्ताच्या तपासणीत काहीतरी वाढलेलं निघालं, बेळगावच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला आणि प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. लवकर सापडला आहे, ऑपरेशननं काढून टाकता येईल, असं डॉक्टर म्हणाले. त्याआधी एमआरआय करायचा ठरला.

मी बेळगावात एका कंपनीत काम करते, खोली घेऊन राहते, म्हणून दवाखान्याची सगळी धावपळ माझ्याकडे. एमआरआयच्या दिवशी आप्पांना अंगावरचं सगळं धातूचं काढायला सांगितलं. घड्याळ निघालं, अंगठी निघाली. राहिला कमरेचा चांदीचा करदोटा. तो त्यांच्या कमरेला त्यांच्या लग्नाआधीपासून होता आणि त्याचा फासा कधीच घट्ट बसून गेला होता. तिथल्या मुलीनं साबण लावून बघितला. शेवटी वॉचमनला विचारून मी बाहेरच्या एका सोनाराला बोलावून आणलं, त्यानं पक्कडीनं एक कडी उघडली आणि करदोटा सांधायला ठेवून घेतला. आप्पा आत गेले तेव्हा एका हातानं दवाखान्याचा पायजमा धरून होते. बाहेर आले तेव्हाही धरूनच. आत कसं होतं विचारलं तर म्हणाले, “गिरणीत घातल्यासारखं वाटलं.” आणि थोड्या वेळानं, “करदोटा गेला की माणूस सैल होतोय बघ.”

गावाकडे परतताना, बसच्या दारात एक पाय ठेवून, त्यांनी मला एकच काम सांगितलं. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना मीच भेटणार होते. आप्पा माझ्याकडे न बघता, बसच्या पाटीकडे बघत म्हणाले, “अभिषेकाला उभारता येईल काय, एवढं इचार. न्हाय म्हटले तर मी न्हाय करून घेणार.”

मला कळलं ते कशाबद्दल बोलत होते. या ऑपरेशननंतर लघवी काही काळ ताब्यात राहत नाही, हे त्यांना पहिल्याच भेटीत कन्नडमध्ये सांगितलेलं होतं. ते लघवी म्हणाले नाहीत. मीही म्हणाले नाही. मी म्हणाले, विचारते. बस सुटली.

शुक्रवारी मी डॉक्टरांकडे गेले. माणूस मजेशीर होता. माझं पहिलंच वाक्य ऐकून त्यांनी ओळखलं की मी इंग्रजी शाळेची, आणि मग सगळं इंग्रजीतून, धबधब्यासारखं. पडद्यावर आप्पांच्या आतला काळा-पांढरा नकाशा होता. मला वाटलं होतं मी तिकडे बघू शकणार नाही, पण वरून बघितलेल्या उसाच्या फडासारखंच दिसत होतं ते. डॉक्टरांनी पेनच्या टोपणानं दाखवलं: ही गाठ, ही इथे आतच आहे, बाहेर पडलेली दिसत नाही. म्हणजे डाव्या बाजूच्या नसा वाचवता येतील, उजवीकडच्या बहुतेक. त्या नसांचं दुसरं जे काम असतं त्याबद्दल मी तुमच्या आई-वडिलांशी वेगळं बोलेन, असं ते म्हणाले. मी थँक यू म्हणाले ते इतक्या मनापासून की बाहेरच्या नर्सनं डोकावून बघितलं.

मग मी आप्पांचा प्रश्न विचारला. इंग्रजीत तो असा झाला की माझे वडील अभिषेकाला उभे राहू शकतील का. डॉक्टरांनी विचारलं, अभिषेक म्हणजे किती वेळ? चाळीस मिनिटं, म्हटलं. वजन उचलावं लागतं? एक तांब्या. वाकावं लागतं? थोडं. मध्ये बाहेर जाता येतं? नाही. त्यांनी मान हलवली, खुर्ची पडद्याकडे फिरवली आणि एका बारीक नळीवर एक रेघ ओढली. रेघेशेजारी आकडा आला. सतरा मिलिमीटर.

त्यांनी टेबलावरच्या खोक्यातून रबरी हातमोजा ओढला, त्यात फुंकर मारली आणि मोज्याची मान चिमटीत धरली. मान लांब असली की चिमूट नीट बसते, हवा सुटत नाही. मग चिमूट वर सरकवली, मान आखूड झाली, आणि मोजा फर्र करत टेबलावरून उडून माझ्या फाईलवर पडला. आम्ही दोघांनी त्याच्याकडे बघितलं. तुमच्या वडिलांची मान लांब आहे, डॉक्टर म्हणाले. अशा लोकांचा ताबा साधारण लवकर परत येतो. आधी थोडे दिवस पॅड लागेल. हा फोटोवरचा अंदाज आहे, वचन नाही, पण मला विचाराल तर अभिषेक होईल. आणि आजपासूनच ओटीपोटाखालचे स्नायू आवळायचा व्यायाम, दिवसातून तीन वेळा, शांत बसून. सोमवारी सकाळी भरती व्हा.

ताबा हा शब्द आत्ता लिहिताना मला सुचला आहे. त्या दिवशी ते कॉन्टिनन्स म्हणाले होते.

मी बाहेर आले ती जवळजवळ उड्या मारत. दवाखान्याच्या आवारात नारळपाणीवाल्याशेजारी बाक आहे, तिथे बसले. फोन करून सांगता आलं असतं. पण फोन आई उचलणार, स्पीकरवर टाकणार, आणि मला लघवी हा शब्द पूर्ण अंगणात म्हणावा लागणार. म्हणून मी लिहायचं ठरवलं. घरच्या ग्रुपवरच लिहिलं की सगळ्यांना एकदम कळतं, एकेकाला सांगावं लागत नाही. ग्रुपवर एक्केचाळीस माणसं. चुलते, चुलत भाऊ, त्यांचे सासरे, चिकोडीची आक्का, आणि बस्तीचे पंडित, कारण ते रोज सकाळी तिथी टाकतात.

माझं मराठी घरचं आणि इंग्रजी शाळेचं. शरीराचा धडा शाळेत झाला. त्यामुळे डोकं, हात, गुडघे माझ्याकडे दोन्ही भाषांत आहेत, आणि कमरेखालचं सगळं फक्त इंग्रजीत. शू हा शब्द होता, पण तो चौसष्ट वर्षांच्या माणसाला कसा लावणार. मूत्र म्हटलं की आधी गो लिहायचं राहून गेल्यासारखं वाटतं. आणि लघवी, पंडितांच्या तिथीखाली? मी कॉन्टिनन्स डिक्शनरीत टाकला. उत्तर आलं: संयम, निग्रह, ब्रह्मचर्य. तिसरा शब्द आप्पांबद्दल लिहिणं मला बरं वाटलं नाही. दुसरा सरकारी वाटला. पहिला किती सभ्य होता. कोणाला नजर खाली घालावी लागणार नाही असा.

मी लिहिलं: “डॉक्टरांशी बोलले. स्कॅनमध्ये आप्पांची लांबी चांगली दिसते आहे. त्यामुळे ऑपरेशननंतर संयम लवकर येईल असा अंदाज आहे. त्यासाठी आप्पांनी आजपासूनच दिवसातून तीन वेळा शांत बसून सराव करावा.”

दोनदा वाचलं. मला स्वतःचं कौतुक वाटलं. मग नेहमीसारखा ग्रुप म्यूट केला, कारण उत्तरं यायला लागली की मला धडधडतं, आणि नारळपाणी प्याले.

आता तोच मेसेज वडापमध्ये बसून, आमच्या माणसांच्या डोळ्यांनी वाचत होते. लांबी चांगली आहे: आयुष्याची. तीन वेळा शांत बसून सराव: सकाळ, दुपार, संध्याकाळचं सामायिक, म्हणजे आमच्याकडे जे ध्यानाला बसतात ते, तेही तीनदाच. आणि मधे, एखाद्या शिखरावर कळस ठेवावा तसा, संयम. एकही शब्द चुकीच्या जागी नव्हता. एवढं पक्कं मला ठरवूनही लिहिता आलं नसतं.

पहिलं उत्तर आक्काचं होतं. आक्का आप्पांची मोठी बहीण, सगळे तिला आक्काच म्हणतात, मीही. तिनं लिहिलं होतं, आमच्या आईला हे आधीच कळलं होतं. पुढे एका चुलत्यांचं: मशीनला आत्मा दिसतो हे विज्ञानानं मान्य केलं. त्यावर एका जावयाचं: कुठलं मशीन, रेट काय. पंडितांनी तिथी टाकली होती आणि खाली शुभ मुहूर्त. मी इतकी हसत होते की दुधाच्या पिशव्या हलायला लागल्या. पुढच्या बाईनं मागे वळून विचारलं, “उलटी हुतीया काय गं? खिडकीकडं सरक.” मी मान हलवली आणि सरकले.

मग एक मेसेज दिसला आणि हसू थांबलं. तो शनिवारी रात्रीचा होता, धाकट्या चुलत्यांचा. ऑपरेशनचं काय, असं कोणीतरी विचारलं होतं, त्यावर: “आप्पा म्हणत्यात, संयम नंतर येणारच हाय तर आधीच घेऊ. ऑपरेशन नको.”

शनिवारी आईचा फोन आला होता, तो आता आठवला. लई माणसं यायला लागली आहेत, येताना निपाणीतनं दूध आण, एवढंच ती म्हणाली. ऑपरेशनच्या आधी पाहुणे बघायला येतात तसं असेल, असं मला वाटलं. मग आप्पांनी फोन घेतला. त्यांनी विचारलं, “डॉक्टर असंच म्हणाले? ह्योच शब्द?” मी म्हणाले, हो, हाच. ते नुसतं “बरं” म्हणाले. मला वाटलं, आनंद झाला.

रविवार होता. भरती सोमवारी सकाळी. लवकर सापडलेली गाठ उशीर केला तरी थांबून राहील असं काही तिच्याशी ठरलेलं नव्हतं.

घरापुढे चपलांचा ढीग होता. मी मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेले. आई कढईपुढे उभी होती आणि झारा असा हलवत होती, जणू शिऱ्याकडून काही गुन्हा कबूल करून घ्यायचा आहे.

“आलीस?” ती म्हणाली. “पस्तीस वर्षं मला कधी दिसला न्हाय तो संयम. त्या मशिनीला अर्ध्या तासात दिसला.”

मी स्टोल सोडला आणि बोलायला गेले, पण तोंड उघडताच परत हसू फुटलं. मला घाबरल्यावर हसू येतं, लहानपणापासून. शाळेत यावरून मार खाल्ला आहे. आई म्हणाली, हस तू, घर मोडतंय आणि हस. बाहेर आक्का बसलीया, म्हणतीया त्यागी माणूस दवाखान्यात जात न्हाय, अंगाला कात्री लावून घेत न्हाय. ह्यांनी मान हलवली. परवापासनं माझ्याशी चार शब्द बोलले असतील, त्यातले दोन मीठ जास्त. तिचा आवाज शेवटी कापला. तेव्हा मला दिसलं की ती चिडलेली नव्हती.

मला बोलता येईना म्हणून मी सिंककडे गेले. आमचा तिथला नळ कायम ठिबकतो. मी नळाकडे बोट दाखवलं, मग चावी घट्ट पिळून ठिबकणं थांबवलं, आणि फोनमधला संयम तिच्यापुढे धरला. आईनं नळाकडे बघितलं. फोनकडे बघितलं. नळाची चावी स्वतः सोडली, परत बंद केली.

“हे?” ती म्हणाली.

मी मान हलवली.

“ह्ये संयम?”

आई तांदळाच्या डब्यावर बसली. पदर तोंडात कोंबून ती हसली, इतकी की डब्याचं झाकण वाजायला लागलं. मी खाली फरशीवर बसले. बाहेरून आक्काचा आवाज आला, काय पडलं गं? आई म्हणाली, काही न्हाय, भांडं. आणि आम्हाला परत हसू आलं. मधेच तिनं माझा कान धरला, पिळला, आणि सोडायचं विसरली.

मग डोळे पुसून म्हणाली, “जा. सांग जा.”

मी म्हटलं, तू सांग ना. ती म्हणाली, मी सांगितलं तर आक्का म्हणेल बायकोला नवरा सोडवत न्हाय. “तू लिवलीस, तूच बोल.” मी म्हटलं, मी दुसरा मेसेज टाकते. आई उठली आणि माझ्या हातातून फोन घेऊन पिठाच्या डब्यात ठेवला. वर झाकण लावलं.

बाहेर सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, पंधरा-वीस माणसं होती. आप्पा मधे खुर्चीवर, धुवट धोतरात, खांद्यावर आक्काची शाल. उपरण्याच्या खोळीत नारळ, खारका, सुपाऱ्या. त्यागाला निघालेल्याची ओटी भरतात, ती आक्कानं मुहूर्त बघून भरून टाकली होती. ती खोळ त्यांनी एका हातानं धरली होती, एमआरआयच्या दिवशी पायजमा धरला होता तशीच. करदोटा अजून सोनाराकडेच होता. मला वाटलं आता पुन्हा हसू येणार, पण आलं नाही. आप्पा खूश दिसत नव्हते. एखाद्याच्या लग्नाला उगाच पुढच्या रांगेत बसवलेल्या माणसासारखे दिसत होते.

आक्कानं मला जवळ ओढलं, डोक्यावरून हात फिरवला. “हिनं वाचलं म्हणून कळलं. न्हायतर ह्यो गप्प माणूस, कवा बोलला असता?” सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. एवढ्या डोळ्यांपुढे मी कधी उभी राहिले नव्हते. पंडित म्हणाले, ताई, फोटो बरोबर आणला असेल तर बघू, कुठल्या बाजूला दिसतंय ते.

मी आप्पांच्या खुर्चीशी वाकले आणि त्यांच्या कानात म्हटलं, आप्पा, उद्या भरती व्हायचंय. ते हळूच म्हणाले, फक्त मला ऐकू येईल असं, “राहू दे गं. मी एकच इचारलं हुतं. त्येचं उत्तर तू लिवलं न्हाईस. तवाच समजलो, अभिषेक गेला. मग गोड करून संयम लिवलंस. बरं केलंस. असंतसं हुण्यापरीस ह्ये बरं.”

म्हणजे आत्मा वगैरे त्यांनी मानलंच नव्हतं. सगळं गाव फोटोत संयम बघत होतं आणि हा एकटा माणूस माझ्या मेसेजमध्ये, न लिहिलेल्या जागेत, नाही असं वाचत बसला होता. त्यांनी विचारताना जो शब्द गिळला तोच मी उत्तरात गिळला. आणि त्या मधल्या खड्ड्यात आक्का, शाल, शिरा, पंडित आणि सोमवारचं ऑपरेशन, सगळं घसरून पडलं होतं.

मी परत त्यांच्या कानाशी वाकले. आक्का म्हणाली, “कानात काय सांगतीस? आमाला बी ऐकू दे की. चांगलंच असंल.”

स्वयंपाकघराच्या दारात आई झारा घेऊन उभी होती. तिनं भुवई उडवली. तिच्या मागे नळ परत ठिबकायला लागला होता, ते मला इतक्या लांबून ऐकू येत होतं.

पुढे काय झालं ते आक्का अजून सगळ्या लग्नांत सांगते, दरवेळी थोडं वाढवून. तिच्या सांगण्यात मी ओरडले. मला ते तसं आठवत नाही. मला एवढं आठवतं की मी सरळ उभी राहिले, आप्पांच्या ओटीतला नारळ गडगडू लागला होता तो धरला, आणि बेळगावात राहून घासून-पुसून ठेवलेलं माझं मराठी कुठं गेलं कोण जाणे, घरचंच तोंडात आलं.

“आप्पा, संयम न्हाय, लघवी. मला लिवायला लाज वाटली. फोटोत लघवीची नळी लांब दिसलीया, सतरा मिलिमीटर, म्हणून आधी थोडं दिस गळंल आणि मग थांबंल, असा डॉक्टरचा अंदाज हाय. अभिषेकाला उभारता येईल. मी इचारलं हुतं, ते व्हय म्हणाले. उद्या सकाळी सातच्या गाडीला जायचंय, शाल आक्काला परत द्या.”